स्वयंसिद्धक

स्वयंसिद्धक : जे विधान सत्य म्हणून स्वीकारण्यास दुसऱ्या कोणत्याही विधानाचा आधार लागत नाही आणि ज्याच्या आधारे इतर विधाने सिद्ध केली जातात, अशा मूलभूत विधानास तर्कशास्त्रात व गणितात स्वयंसिद्धक किंवा स्वयंसिद्ध तत्त्व म्हणतात. ‘ॲक्झिअम’ या इंग्रजी संज्ञेचा हा पर्याय होय. शास्त्रीय परिभाषेबाहेर, ज्याविषयी वाद संभवत नाही असे निर्विवाद सत्य, या सैल अर्थानेही ही संज्ञा योजली जाते. मराठीत याच संकल्पनेसाठी ‘गृहीतक’ हा शब्दही रूढ आहे. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘स्वयंसिद्धक’ या शब्दातून संबंधित विधान आपल्याच बळावर सत्य आहे असे सूचित होते. ‘गृहीतक’ या शब्दातून ते कोणीतरी सत्य म्हणून धरून चालले आहे एवढेच सूचित होते. नाकारता न येणाऱ्या सत्याची ही कल्पना सु. २,३०० वर्षांची असून तिचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन अर्थांतील ताणाचा इतिहास आहे.

स्वयंसिद्धकांची आवश्यकता सिद्धतेच्या स्वरूपातूनच निर्माण होते. कोणतेही विधान सिद्ध करावयाचे, तर त्यासाठी आधारविधाने लागतात. तीही सिद्ध करावयाची, तर आणखी आधार शोधावे लागतात. अशा रीतीने मागे जात राहिल्यास तीनच शक्यता उरतात : ही मालिका कधीच संपत नाही (भारतीय तर्कशास्त्रात यास अनवस्था दोष म्हणतात), किंवा ती फिरून मूळ विधानाशीच येऊन पोहोचते (चक्रक दोष), अथवा ती कोठेतरी थांबते. पहिल्या दोन शक्यतांत काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ज्ञानाची उभारणी व्हावयाची, तर सिद्धतेवाचून मान्य करावयाची काही विधाने असलीच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की ती कोणती आणि ती मान्य का करावयाची.

व्युत्पत्ती : इंग्रजी ‘ॲक्झिअम’ हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक ‘आक्सिओमा’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी ‘आक्सिओस’ (योग्य, लायक, मोलाचा) हे विशेषण असून त्यापासून ‘आक्सिओओ’ (लायक समजणे, हक्काने मागणे) हे क्रियापद तयार झाले. ‘आक्सिओस’ शब्दाचा संबंध ‘आगो’ या धातूशी लावला जातो. त्याचा मूळ अर्थ हाकणे, नेणे असा असून तराजूचे पारडे खाली नेणे, म्हणजे वजनात भरणे, असाही अर्थ त्यास प्राप्त झाला. संस्कृतातील ‘अज्’ (हाकणे) हा धातू याच कुळातला आहे. तेव्हा ‘आक्सिओस’ म्हणजे पारड्यात तोलास तोल भरणारा. सामान्य ग्रीक भाषेत ‘आक्सिओमा’ म्हणजे मानमरातब, प्रतिष्ठा, दर्जा. पुढे तर्काच्या क्षेत्रात ‘स्वीकारास पात्र मानले गेलेले विधान’ असा अर्थ त्यास आला. या शब्दात पात्र ठरविणारा कोणीतरी अभिप्रेत आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट संस्कृत ‘स्वयंसिद्ध’ (स्वयम् + सिद्ध) या समासात अशा परीक्षकास स्थानच नाही. जे आहे ते आपणहून सिद्ध आहे.

ग्रीक परंपरा : ‘आक्सिओमा’ ही संज्ञा पारिभाषिक अर्थाने प्रथम गणितज्ञांत रूढ झाली असावी. कारण ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपल्या मेटॅफिजिक्स या ग्रंथात ‘गणितात ज्यांना आक्सिओमा म्हणतात ती तत्त्वे’ असा तिचा उल्लेख केला आहे. पोस्टेरिअर ॲनॅलिटिक्स या ग्रंथात त्याने सिद्धतेच्या आरंभस्थानांचे वर्गीकरण केले. एखाद्या विशिष्ट शास्त्रापुरती मानावयाची विधाने वेगळी आणि कोणतीही गोष्ट शिकू इच्छिणाऱ्यापाशी आधीपासूनच असावी लागतात ती तत्त्वे वेगळी. या दुसऱ्या वर्गास त्याने स्वयंसिद्धके म्हटले. समान राशींतून समान राशी वजा केल्या असता बाकी समान उरते, हे त्याचे आवडते उदाहरण होय.

सर्वांत दृढ स्वयंसिद्धक म्हणून ॲरिस्टॉटलने अव्याघाताचा नियम सांगितला : एकच गुण एकाच वस्तूत एकाच वेळी व एकाच दृष्टीने असणे आणि नसणे शक्य नाही. हा नियम सिद्ध करून दाखवा, अशी मागणी करणे हे शिक्षणाच्या अभावाचे लक्षण आहे, असे तो म्हणतो. कारण सर्वच गोष्टींची सिद्धता असू शकत नाही. मात्र जो हा नियम नाकारतो, त्याचे खंडन करता येते. नाकारणाऱ्याने निश्चित अर्थाचा एखादा शब्द तरी उच्चारला पाहिजे. तो त्याने उच्चारला, की त्या शब्दाचा अमुक अर्थ आहे व अमुक नाही हे त्याने मान्य केलेच. म्हणजे ज्या नियमाचा तो निषेध करू पाहतो त्याचाच आश्रय त्याने केला. आणि तो काहीच बोलणार नसेल, तर त्याच्याशी वाद घालणे म्हणजे वनस्पतीशी वाद घालण्यासारखे आहे. ज्याच्या निषेधातच ज्याचा स्वीकार अंतर्भूत असतो ते अनिराकरणीय सत्य, ही कसोटी येथे स्पष्टपणे पुढे आली.

यूक्लिडने (इ. स. पू. सु. ३००) एलिमेंट्स या ग्रंथात भूमितीची मांडणी व्याख्या, गृहीतके व ‘समाईक कल्पना’ अशा तीन प्रकारच्या आरंभस्थानांवरून केली. ज्यांना पुढे स्वयंसिद्धके म्हणण्यात आले, त्यांच्यासाठी त्याने ‘आक्सिओमा’ हा शब्द वापरलेला नाही. समाईक कल्पना सर्व प्रकारच्या राशींना लागू पडतात, उदा., एकाच राशीशी समान असलेल्या राशी परस्परांशी समान असतात, पूर्ण हे अंशाहून मोठे असते इत्यादी. गृहीतके मात्र केवळ भूमितीची असून त्यांसाठी योजलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मागणी’ असा आहे. गुरूने शिष्याकडे जणू एवढे मान्य करण्याची मागणी करावयाची आणि पुढचे सर्व सिद्ध करून दाखवावयाचे, अशी ही रचना आहे.

समाईक कल्पनांना ‘आक्सिओमा’ म्हणण्याचा प्रघात प्रॉक्लस (सु. ४१२–४८५) या टीकाकाराच्या लेखनात दृढ झालेला दिसतो. अशी तत्त्वे किती मानावीत, यावर त्याच्या आधीपासून मतभेद होते. हीरॉनने तीनच मानली, तर इतरांनी संख्या वाढविली. अपोलोनियसने स्वयंसिद्धकेही सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, अशी माहिती प्रॉक्लसने दिली आहे. निर्विवाद म्हटलेल्या सत्यांच्या यादीविषयीच विवाद असावा, हे या संकल्पनेच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसून येते.

स्टोइक पंथाच्या तर्कशास्त्रात या शब्दास अगदी वेगळा अर्थ होता. क्रायसिपस (इ. स. पू. सु. २८०–२०६) व त्याचे अनुयायी ‘आक्सिओमा’ हा शब्द सत्य अथवा असत्य असू शकणारे कोणतेही विधान या अर्थाने वापरीत. ‘आता दिवस आहे’ हे त्यांच्या दृष्टीने आक्सिओमाच. मग ते रात्री का उच्चारले जाईना. अशा रीतीने एकच शब्द एका परंपरेत संशयातीत सत्यासाठी, तर दुसऱ्या परंपरेत परीक्षेसाठी पुढे ठेवलेल्या विधानासाठी वापरला गेला.

भारतीय परंपरा : भारतीय दर्शनांत भूमितीसारख्या शास्त्राची स्वयंसिद्धकांवरून उभारणी झाली नाही, परंतु सिद्धतेवाचून काय मानावयाचे, याचा विचार वादशास्त्राच्या अंगाने सूक्ष्मपणे झाला. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण व अभ्युपगम. जो कोणत्याही शास्त्राच्या विरुद्ध नाही आणि एका तरी शास्त्रात सांगितलेला आहे, तो सर्वतंत्रसिद्धान्त. घ्राणादी इंद्रिये असतात, गंधादी त्यांचे विषय असतात, प्रमाणांनी वस्तूचे ज्ञान होते, अशी उदाहरणे भाष्यकार वात्स्यायनाने दिली आहेत. एखाद्याच दर्शनात मान्य असलेला तो प्रतितंत्रसिद्धान्त आणि जो सिद्ध झाल्याने इतर गोष्टी ओघानेच सिद्ध होतात तो अधिकरणसिद्धान्त. अभ्युपगमसिद्धान्तात परीक्षा न झालेली गोष्ट तात्पुरती मान्य करून तिच्या विशेषांचा विचार केला जातो. सर्वमान्यता आणि तात्पुरता स्वीकार यांतील भेद येथे नेमका टिपला आहे. मात्र सर्वतंत्रसिद्धान्ताची कसोटी शास्त्रांमधील अविरोध ही आहे. विधानाची स्वयंप्रकाशकता नव्हे.

स्वयंसिद्धतेची कल्पना अद्वैत वेदान्तात स्पष्ट रूपात आढळते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (२.३.७) आत्मा स्वयंसिद्ध असल्याचे प्रतिपादन केले आहे. आत्मा बाहेरून प्रमाणांनी आणून सिद्ध करावा लागत नाही, कारण प्रमाणांचा सर्व व्यवहार त्याच्याच आश्रयाने चालतो. त्याचे निराकरणही करता येत नाही, कारण जो निराकरण करू जातो त्याचेच ते स्वरूप आहे. युक्तिवादाची ही घडण ॲरिस्टॉटलच्या युक्तिवादाशी जुळणारी आहे. दोघांचे विषय भिन्न आहेत. एकाचा विषय विचाराचा नियम हा, तर दुसऱ्याचा ज्ञाता हा. परंतु नाकारण्याची क्रियाच नाकारलेल्या गोष्टीची साक्ष देते, ही कसोटी दोहोंत समान आहे. यूरोपात रने देकार्तने (१५९६–१६५०) संशय घेणाऱ्याच्या अस्तित्वाविषयी संशय घेता येत नाही हे तत्त्व मांडले, ते याच जातीचे होय.

मध्ययुगीन वाटचाल : ग्रीक शब्द लॅटिनमध्ये नेताना त्याचे अनेक पर्याय झाले. ‘दिग्निटास’ (योग्यता, प्रतिष्ठा) हे ‘आक्सिओमा’ शब्दाचे शब्दशः भाषांतर मध्ययुगात प्रचलित होते. बोईथिअसने (सु. ४८०–५२४) ‘मनाची समाईक धारणा’ असा शब्दप्रयोग करून तिचे दोन प्रकार केले : सर्व माणसांना पटणारी व केवळ विद्वानांना पटणारी. वादात ज्यांच्या पलीकडे जाता येत नाही अशा विधानांना त्याने ‘महत्तम विधाने’ म्हटले. त्या लॅटिन पदातील ‘मॅक्सिमा’ या विशेषणापासून ‘मॅक्झिम’ (सूत्रवचन) हा इंग्रजी शब्द निघाला. बोईथिअसचा भेद पुढे नेऊन सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने स्वतःच्या ठायी स्वयंसिद्ध आणि आपल्या दृष्टीने स्वयंसिद्ध अशी विभागणी केली. ईश्वराचे अस्तित्व पहिल्या अर्थाने स्वयंसिद्ध असले, तरी दुसऱ्या अर्थाने नाही; म्हणून त्यासाठी प्रमाणे द्यावी लागतात, असे त्याचे मत होते. सत्य स्वयंसिद्ध असूनही कोणाला ते दिसत नाही असे होऊ शकते, ही महत्त्वाची कबुली यात आहे.

अरबी भाषेतील यूक्लिडच्या संस्करणांत समाईक कल्पनांसाठी ‘उलूम मुतआरफा’, म्हणजे सर्वपरिचित ज्ञाने, अशी संज्ञा रूढ झाली. नसीरुद्दीन तूसी (१२०१–७४) याने यूक्लिडच्या ग्रंथाचे अरबी संस्करण १२४८ मध्ये पूर्ण केले. त्याच्या आधारे जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने सु. १७१८ मध्ये रेखागणित हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात १५ अध्याय व ४७८ सिद्धान्त असून यूक्लिडची सिद्धतापद्धती या ग्रंथाद्वारे संस्कृतात अवतरली. मुंबई येथील ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ या मालेत हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

आधुनिक यूरोपीय विचार : सतराव्या शतकात या संज्ञेचा विस्तार आणि तीवरील टीका अशा दोन्ही गोष्टी घडल्या. फ्रान्सिस बेकनने (१५६१–१६२६) नोव्हम ऑर्गनम (१६२०) या ग्रंथात अनुभवांवरून क्रमाक्रमाने काढलेल्या सामान्य नियमांनाही ‘ॲक्झिअम’ म्हटले. बारुक स्पिनोझाचे नीतिशास्त्र (१६७७) व्याख्या व स्वयंसिद्धके यांवरून भूमितीच्या धर्तीवर रचलेले आहे. आयझॅक न्यूटनने (१६४२–१७२७) प्रिन्सिपिआ (१६८७) ग्रंथात गतीचे तीन नियम ‘स्वयंसिद्धके अथवा गतिनियम’ या शीर्षकाखाली मांडले. वस्तुतः हे नियम कोणास आपोआप पटणारे नव्हते. गती चालू राहण्यास सतत प्रेरणा लागते, हीच समजूत त्यापूर्वी शतकानुशतके स्वाभाविक मानली गेली होती.

जॉन लॉकने (१६३२–१७०४) मानवी आकलनावरील आपल्या निबंधात (१६९०) या कल्पनेवर थेट आघात केला. स्वयंसिद्ध म्हणविली जाणारी तत्त्वे जन्मजात असती, तर ती लहान मुलांनाही ठाऊक असती. तसे नसल्याने सर्वांची संमती हा जन्मजाततेचा पुरावा ठरत नाही, असे त्याने म्हटले. त्यास उत्तर देताना गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१६४६–१७१६) याने जी विधाने उघड वाटतात तीही शक्य तेथे सिद्ध करावीत असा आग्रह धरला आणि २ + २ = ४ या विधानाची सिद्धता दिली. या सिद्धतेत कंसांची जागा बदलण्याचा नियम न सांगता वापरला गेला आहे, हे गोटलोप फ्रेग (१८४८–१९२५) याने १८८४ मध्ये दाखवून दिले. ज्याविषयी कोणास शंका नव्हती अशा सिद्धतेतही एक अनुक्त स्वयंसिद्धक लपून राहिले होते.

समांतर रेषांचा प्रश्न : स्वयंसिद्धतेच्या कल्पनेस सर्वांत मोठा धक्का भूमितीतूनच बसला. यूक्लिडचे पाचवे गृहीतक असे : एक सरळ रेषा दोन सरळ रेषांना छेदीत असता एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या दोन रेषा अमर्याद वाढविल्यास त्याच बाजूस परस्परांस छेदतात. पहिल्या चार गृहीतकांच्या तुलनेने हे विधान लांबलचक आहे आणि कितीही दूर जाऊन घडणाऱ्या गोष्टीविषयी आहे. यूक्लिडनेही पहिल्या २८ प्रमेयांत त्याचा उपयोग केलेला नाही. हे गृहीतक नसून प्रमेय असावे, या समजुतीने टॉलेमी, प्रॉक्लस, उमर खय्याम, नसीरुद्दीन तूसी, जॉन वॉलिस आदींनी ते सिद्ध करण्याचे प्रयत्न केले. प्रत्येक सिद्धतेत त्याच अर्थाचे दुसरे गृहीतक नकळत शिरलेले आढळले.

जिरोलामो साक्केरी (१६६७–१७३३) या इटालियन धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये वेगळा मार्ग चोखाळला. हे गृहीतक असत्य मानून त्यातून व्याघात निष्पन्न करावयाचा, असा त्याचा बेत होता. अनेक विलक्षण निष्कर्ष हाती आले, पण व्याघात मिळाला नाही. अखेर हे निष्कर्ष सरळ रेषेच्या स्वरूपास विसंगत आहेत असे म्हणून त्याने यूक्लिड निर्दोष ठरविला. नव्या भूमितीची पुष्कळशी प्रमेये त्याने सिद्ध केली होती. ती सत्य असू शकतील हे मात्र त्यास पटले नाही. कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यास ही शक्यता उमगली होती. परंतु गदारोळाच्या भीतीने त्याने आपले विचार प्रसिद्ध केले नाहीत. रशियन गणितज्ञ न्यिकलाय लोबाचेव्हस्की (१७९२–१८५६) याने १८२९ मध्ये व हंगेरियन गणितज्ञ यानोश बोल्यॉई (१८०२–६०) याने १८३२ मध्ये स्वतंत्रपणे अयूक्लिडीय भूमिती प्रसिद्ध केली. तीत दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेस अनेक समांतर रेषा काढता येतात व त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरते. यूजेन्यो बेल्ट्रामी (१८३५–१९००) याने १८६८ मध्ये या भूमितीची प्रतिकृती यूक्लिडीय भूमितीतच रचता येते हे दाखविले. त्यामुळे यूक्लिडची भूमिती व्याघातरहित असेल, तर नवी भूमितीही तशीच असणार, हे स्पष्ट झाले.

इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने यूक्लिडीय अवकाश हे मानवी संवेदनशक्तीचे अनिवार्य रूप मानले होते. आता दोन परस्परविरोधी भूमिती सारख्याच सुसंगत ठरल्याने त्यांपैकी कोणती विश्वास लागू पडते, हा प्रश्न बुद्धीच्या साक्षीवर न राहता निरीक्षणाचा झाला. बेर्नहार्ट रीमान (१८२६–६६) याने १८५४ मध्ये मांडलेल्या वक्र अवकाशाच्या संकल्पनेचा उपयोग ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धान्तात (१९१५) केला. आंरी प्वँकारे (१८५४–१९१२) याने भूमितीची स्वयंसिद्धके ही सत्येही नव्हेत वा प्रयोगाचे निष्कर्षही नव्हेत, तर सोयीने स्वीकारलेले संकेत आहेत, असा पक्ष मांडला.

समाईक कल्पनाही या चिकित्सेतून सुटल्या नाहीत. प्रत्येक पूर्णांकास एक वर्ग असतो. म्हणजे वर्गसंख्या हा पूर्णांकांचा केवळ एक अंश असूनही त्या पूर्णांकांइतक्याच आहेत, असे गॅलिलीओने १६३८ मध्ये निदर्शनास आणले होते. त्यावरून त्याने अनंत राशींना ‘अधिक’, ‘उणे’ हे शब्द लागू पडत नाहीत असा निष्कर्ष काढला. रिखार्ट डेडेकिंट (१८३१–१९१६) याने १८८८ मध्ये नेमकी हीच गोष्ट अनंत संचाची व्याख्या म्हणून स्वीकारली : ज्याची आपल्याच एखाद्या अंशाशी एकास एक संगती लावता येते तो संच अनंत. पूर्ण हे अंशाहून मोठे असते हे दोन सहस्रकांचे निर्विवाद सत्य संख्येच्या मापाने सांत संचांपुरते मर्यादित झाले.

फ्रेग व हिल्बर्ट यांचा वाद : डाव्हिट हिल्बर्ट (१८६२–१९४३) याने १८९९ मध्ये भूमितीच्या पायाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बिंदू, रेषा व प्रतल यांच्या व्याख्या दिलेल्या नाहीत. त्यांच्यातील संबंध काय असावेत, एवढेच स्वयंसिद्धकांनी ठरविलेले आहे. या शब्दांऐवजी मेज, खुर्ची व पेला असे शब्द घातले तरी चालले पाहिजे, असे तो म्हणत असल्याची आठवण सांगितली जाते. यावर १८९९-१९०० मध्ये फ्रेग व हिल्बर्ट यांच्यात पत्रव्यवहार झाला. स्वयंसिद्धके सत्य असतात, म्हणूनच त्यांच्यात परस्परविरोध नसतो, असे फ्रेगचे म्हणणे होते. हिल्बर्टने हा क्रम उलटविला : स्वयंसिद्धकांत परस्परविरोध नसेल, तर ती सत्य होत.

फ्रेगच्या वाट्यास पुढे जे आले ते या इतिहासातील करुण प्रकरण होय. अंकगणित केवळ तर्काच्या स्वयंसिद्धकांवर उभारण्याच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये निघाला होता. दुसरा खंड छापला जात असता जून १९०२ मध्ये बर्ट्रंड रसेलचे पत्र आले आणि त्यातून पाचव्या मूलनियमापासून व्याघात निष्पन्न होतो हे उघड झाले. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या खंडास जोडलेल्या परिशिष्टात फ्रेगने हा दोष प्रांजळपणे मान्य केला आणि या नियमास इतर नियमांइतकी स्वयंस्पष्टता नसल्याची जाणीव आपणास होती, हेही नमूद केले. स्वयंसिद्धके सत्यच असतात असा आग्रह धरणाऱ्याचेच एक स्वयंसिद्धक असत्य ठरले.

हिल्बर्टच्या पक्षालाही मर्यादा पडली. अंकगणित सामावणारी कोणतीही व्याघातरहित व यांत्रिक रीतीने मांडता येणारी स्वयंसिद्धक-पद्धती घेतली, तरी तीत सिद्धही करता येत नाहीत व खंडितही करता येत नाहीत अशी विधाने असतात, तसेच अशी पद्धती आपला अव्याघात स्वतःच्या साधनांनी सिद्ध करू शकत नाही, असे कुर्ट गोडेल (१९०६–७८) याने १९३१ मध्ये दाखविले. संचांविषयीचे सांतत्यगृहीतक रूढ स्वयंसिद्धकांवरून खोटे ठरविता येत नाही हे गोडेलने, तर ते सिद्धही करता येत नाही हे पॉल कोहेन (१९३४–२००७) याने १९६३ मध्ये सिद्ध केले. तेव्हा नवी स्वयंसिद्धके घ्यावीत काय आणि कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही स्वयंसिद्धके आपले सत्यत्व मनावर बिंबवितात असे गोडेलचे मत होते. परंतु एखादे स्वयंसिद्धक त्यापासून मिळणाऱ्या फलांवरूनही पारखता येईल, हेही त्याने मान्य केले. पारखून योग्य ठरविणे हा ‘आक्सिओमा’ शब्दाचा मूळ अर्थ अशा रीतीने पुन्हा पुढे आला.

राजकीय विचारातील उपयोग : गणिताबाहेर या कल्पनेचा सर्वांत परिणामकारक उपयोग अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात (१७७६) झाला. टॉमस जेफर्सनच्या मसुद्यात मानवी समतेची तत्त्वे पवित्र व नाकारता न येणारी सत्ये म्हणून नमूद होती. अंतिम पाठात तेथे ‘स्वयंसिद्ध’ या अर्थाचा शब्द आला. ज्या समाजात गुलामगिरी कायद्याने मान्य होती व ज्याचा लेखक स्वतः गुलामांचा मालक होता, तेथे हे शब्द लिहिले गेले. १८५४ मध्ये सेनेटमधील चर्चेत जॉन पेटिट या सदस्याने या तत्त्वास उघड असत्य म्हणून हिणविले.

एब्राहम लिंकन (१८०९–६५) याने यूक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांचा स्वप्रयत्नाने अभ्यास केला होता. १८५९ मधील एका पत्रात त्याने जेफर्सनची तत्त्वे ही मुक्त समाजाच्या व्याख्या व स्वयंसिद्धके होत असे म्हटले. आणि जो व्याख्या व स्वयंसिद्धकेच नाकारतो त्यास यूक्लिडचे साधे प्रमेयही पटविता येत नाही, ही अडचणही सांगितली. यादवी युद्धाच्या काळात १८६३ मध्ये गेटिझबर्ग येथे केलेल्या भाषणात मात्र त्याने समतेस स्वयंसिद्ध सत्य म्हटले नाही. राष्ट्र ज्यास वाहिलेले आहे असे एक ‘विधान’ म्हटले. हे विधान कसोटीस लागले असून त्याचा निर्णय युद्धात व्हावयाचा आहे, असा त्या भाषणाचा रोख होता. स्टोइकांनी ‘आक्सिओमा’ शब्दास दिलेला, परीक्षेसाठी पुढे ठेवलेले विधान हा अर्थ येथे नकळत पुन्हा अवतरला.

मराठीतील शब्द : निर्विवाद सत्याच्या निरनिराळ्या छटा दर्शविणारे शब्दप्रयोग मराठीत आहेत. ‘त्रिकालाबाधित’ या विशेषणात तिन्ही काळी बाध न येणे अभिप्रेत आहे. ‘काळ्या दगडावरची रेघ’ या वाक्प्रचारात अटळपणावर भर आहे. ‘ब्रह्मवाक्य’ व ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ यांत सत्यता बोलणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून राहते व दुसऱ्यात उपरोधही असतो. स्वयंसिद्धतेच्या नेमक्या अर्थाच्या सर्वांत जवळ येते ती ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण. जे डोळ्यांपुढे आहे त्यास साधनाची गरज नाही, हे तिचे सार. या सर्व छटा—कालातीतता, अटळता, अधिकार व प्रत्यक्षता—वेगळ्या आहेत. एखादी गोष्ट अधिकारी व्यक्तीने सांगितली म्हणून ती प्रत्यक्ष होत नाही, किंवा आज प्रत्यक्ष वाटते म्हणून त्रिकालाबाधित ठरत नाही.

आधुनिक गणितात ‘स्वयंसिद्धक’ व ‘गृहीतक’ यांत सामान्यतः भेद केला जात नाही. एखाद्या पद्धतीचा आरंभ ज्या विधानांपासून होतो ती तिची स्वयंसिद्धके, एवढाच अर्थ उरला आहे; ती सत्य आहेत काय, या प्रश्नाऐवजी ती परस्परांशी सुसंगत आहेत काय, परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय व पुरेशी आहेत काय, असे प्रश्न विचारले जातात. त्यामुळे कोणतेही विधान मनमानेल तसे गृहीत धरावे असा मात्र अर्थ होत नाही. गृहीत काय धरले आहे ते आधीच उघडपणे सांगावयाचे आणि त्यापासून जे जे निष्पन्न होईल त्याचे उत्तरदायित्व घ्यावयाचे, ही शिस्त यूक्लिडपासून आजपर्यंत कायम आहे. अव्याघाताच्या नियमासारखी जी तत्त्वे नाकारण्यासाठीही वापरावी लागतात, ती अल्पसंख्य आहेत. निर्विवाद म्हणून वापरली जाणारी इतर बहुसंख्य विधाने ‘आक्सिओमा’ शब्दाच्या मूळ अर्थाने स्वयंसिद्धके होत. म्हणजे पारड्यात घालून योग्य ठरविलेली आणि म्हणूनच पुन्हा तोलून पाहता येण्यासारखी.